टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांचे निर्माते आणि त्यांचा वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ म्हणजे नेमके काय?

चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपले पात्र काय करते हे खेळाडू सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकून निकाल लावला जातो. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट रंगमंचावर उभा राहूनच रचतो. तसेच इथेही नियम आधीपासून ठरलेले असतात आणि गोष्ट मात्र खेळता खेळता घडते. पट असलाच पाहिजे असे नाही, कोणी एक जण जिंकतो असेही नाही, आणि तीच पात्रे घेऊन काही गट वर्षानुवर्षे खेळत राहतात. म्हणूनच या खेळांच्या निर्मात्यांचे काम केवळ पुस्तकांच्या खपावरून जोखता येत नाही. त्यांनी लोकांच्या हाती गोष्ट रचण्याची एक रीत दिली, आणि ती रीत कोणी शोधली, कोणी लिहून काढली व कोणी पुढे नेली याचा हिशेब नीट ठेवणे गरजेचे आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा निर्माता कोण, गॅरी गायगॅक्स की डेव्ह आर्नेसन?

टेबलटॉप रोल-प्लेइंग प्रकारातल्या या पहिल्या खेळाचे निर्माते दोघेही, आणि त्या दोघांच्या आधी डेव्हिड वेस्ली यांचे नाव घेतले पाहिजे, जे दुर्दैवाने फार थोड्या लोकांना माहीत असते.

प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १८२४ पासून नकाशावरचा युद्धखेळ वापरला जात असे आणि त्यात निवाडा देणारा एक पंच असे. त्या परंपरेतले ‘स्ट्रॅटेगोस’ हे चार्ल्स टॉटन यांचे १८८० चे अमेरिकन पुस्तक मिनेसोटातल्या वेस्लींच्या हाती लागले. खेळाडूने कोणतीही चाल सुचवावी आणि ती शक्य आहे की नाही हे पंचाने ठरवावे, ही त्यातली कल्पना त्यांना विशेष भावली. १९६९ मध्ये त्यांनी नेपोलियनच्या काळातल्या ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक प्रशियन गावाचा खेळ मांडला. त्यात सैन्याच्या तुकड्या होत्याच, पण काही खेळाडूंना नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका दिल्या होत्या आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. खेळाडू टेबल सोडून कोपऱ्याकोपऱ्यांत एकमेकांशी गुप्त खलबते करू लागले आणि मूळची लढाई बाजूलाच राहिली. प्रयोग पार फसला अशी वेस्लींची समजूत झाली. खेळाडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा ठेवण्याचा लकडा लावला. पुढच्या एका खेळात, एका काल्पनिक लॅटिन अमेरिकन देशातल्या क्रांतिकारकाची भूमिका मिळालेल्या तरुण आर्नेसन यांनी आपण वास्तविक अमेरिकन गुप्तहेर आहोत असे इतरांच्या गळी उतरवून बाजी मारली. ही चाल नियमांत कुठेही लिहिलेली नव्हती, आणि माझ्या मते या खेळप्रकाराचा जन्म शोधायचा तर तो याच क्षणात शोधावा.

वेस्ली सैन्यसेवेसाठी गेल्यानंतर आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ हा स्वतःचा खेळ सुरू केला. एक किल्ला, त्याखालची तळघरे, त्यांत शिरणारे खेळाडू आणि एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जाताना अनुभव गाठीशी बांधून अधिक समर्थ होत जाणारी पात्रे, ही आज सर्वपरिचित असलेली रचना तिथे आकाराला आली. १९७२ च्या अखेरीस ते विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावी गेले आणि त्यांनी तो खेळ गॅरी गायगॅक्स यांना खेळून दाखवला. पूर्वी विमा कंपनीत नोकरी करणारे आणि त्या काळात जोडे दुरुस्तीवर घर चालवणारे गायगॅक्स युद्धखेळांच्या वर्तुळात मुरलेले होते. ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तिकेचे ते सहलेखक होते आणि आर्नेसन यांनी सुरुवातीला त्याच नियमांचा आधार घेतला होता. गायगॅक्स यांनी आर्नेसन यांची टिपणे मागवली, आपल्या मुलांना आणि मित्रांना घेऊन ‘ग्रेहॉक’ नावाचा स्वतःचा खेळ चालवून नियम पारखले आणि त्यांचा सविस्तर मसुदा तयार केला.

प्रकाशक मिळेना, तेव्हा गायगॅक्स यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाजारात आला. लाकडी पोताची छपाई असलेले एक खोके, त्यात तीन बारीकशा पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या प्रती १०००. खोक्यात फासे नव्हते. खोकी घरीच हाताने भरली जात. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी निर्मात्यांनी वाचकांना सुचवले आहे की, नियमांचा अर्थ विचारायला आम्हांला पत्रे पाठवण्यापेक्षा ती गोष्ट कशी असावी असे तुम्हांला वाटते ते ठरवा आणि तशी करून टाका. तुमच्या वाट्याची कल्पना आम्ही का करावी? स्वतःच्या निर्मितीचा ताबा इतक्या मोकळेपणाने वाचकाकडे सोपवणारे व्यावसायिक उत्पादन क्वचितच सापडते.

आर्नेसन यांच्याकडे खेळ होता, पण तो त्यांच्या डोक्यात आणि वह्यांत होता. निर्माता समोर नसतानाही परक्या गावातल्या परक्या माणसाला खेळता येईल अशा रूपात तो गायगॅक्स यांनी आणला. या दोहोंपैकी एकही गोष्ट वगळली तर आज या खेळाचे नावही आपल्या कानावर आले नसते.

मग आर्नेसन यांचे नाव मागे का पडले?

याचे कारण बरेचसे व्यावसायिक आहे. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन मोठी पुस्तके आली, त्यांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्स यांचे नाव होते आणि हा स्वतंत्र खेळ असल्याने आर्नेसन यांना स्वामित्वधन देणे लागत नाही अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला आणि १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. दरम्यान मुलाखती, मासिके आणि संमेलने यांतून गायगॅक्स यांचा चेहरा सर्वतोमुखी झाला होता. लेक जिनीव्हात १९६८ मध्ये त्यांनीच सुरू केलेले ‘जेन कॉन’ हे खेळाडूंचे संमेलन हे त्या प्रसिद्धीचे मोठे व्यासपीठ होते.

आर्नेसन यांनी उत्तरायुष्यात फ्लोरिडातल्या फुल सेल या संस्थेत खेळरचना शिकवली. गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी गेले आणि आर्नेसन ७ एप्रिल २००९ रोजी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दोघांचीही नावे मूळ निर्माते म्हणून शेजारी शेजारी छापली आहेत आणि त्यांच्या जोडीला ब्रायन ब्लूम, रॉब कुन्ट्झ, जेम्स वॉर्ड व डॉन के यांचीही नोंद आहे. दोघांच्या समर्थकांत अजूनही कडाक्याचे वाद होतात. त्या वादांपेक्षा ही सहा नावांची यादी मला इतिहासाच्या अधिक जवळची वाटते.

निर्मात्यांच्या हाती शेवटी काय राहिले?

फारसे नाही. डॉन के १९७५ च्या आरंभीच वारले. गायगॅक्स यांना १९८५ मध्ये कंपनीच्या सत्तासंघर्षात बाजूला सारले गेले आणि पुढे त्यांनी काढलेल्या नव्या खेळावर त्यांच्याच जुन्या कंपनीने दावा लावला. कर्जाच्या ओझ्याने खचलेली टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्स स्वतः हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या उद्योगाकडे गेली.

हे खेळ कधी न खेळलेल्या माणसाचा या वारशाशी काय संबंध?

मोबाइलवर किंवा संगणकावर एखादा खेळ खेळताना ‘लेव्हल’ वाढली, ‘एक्स्पी’ (अनुभवाचे गुण) जमा झाले किंवा ‘एचपी’ संपल्याने पात्र मेले असा अनुभव ज्याला आला असेल, त्याने आर्नेसन आणि गायगॅक्स यांचीच भाषा वापरली आहे. ‘हिट पॉइंट’ची, म्हणजेच ‘एचपी’ची, गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या नियमांत एका फटक्यात पात्र मरत असे आणि जीव लावलेले पात्र असे तडकाफडकी गेलेले खेळाडूंना रुचेना. तेव्हा आर्नेसन यांनी चिलखती युद्धनौकांच्या खेळातली पद्धत उचलली: जहाज एका गोळ्याने बुडत नाही, ते ठरावीक इतका मार सोसते. जहाजाचे ते गणित माणसाला लावले गेले आणि आज जगभरातल्या पडद्यांवर ते हिरव्या-लाल पट्टीच्या रूपात दिसते.

संगणकावरची पहिली नक्कल १९७५ च्या सुमारास अमेरिकन विद्यापीठांतल्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर विद्यार्थ्यांनीच केली. गुहांच्या शोधाचा पहिला प्रसिद्ध, केवळ लिखित मजकुरावर चालणारा संगणकी खेळ लिहिणारे विल क्राउदर स्वतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकी खेळ आले. त्यांच्या प्रभावातून जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ उभा राहिला. २०२३ मध्ये गाजलेला ‘बाल्डर्स गेट ३’ तर थेट पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरच चालतो.

या दोघांखेरीज आणखी कोणाचा वारसा महत्त्वाचा आहे?

खेळणाऱ्यांत पहिल्या खेळाच्या निर्मात्यांची नावे तोंडपाठ असतात, पण दुसऱ्या पिढीचे काम मला कित्येकदा अधिक खोल वाटते, आणि त्यात ग्रेग स्टॅफर्ड यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागेल.

स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये केऑसियम ही संस्था स्थापन केली आणि ‘ग्लोरांथा’ हे स्वतःच्या कल्पनेतले जग आधी एका पटावरच्या खेळातून मांडले. १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी त्या जगासाठी ‘रूनक्वेस्ट’ रचला. त्यात योद्धा, मांत्रिक असे ठोकळेबाज वर्ग नव्हते. पात्र जे कौशल्य वापरेल त्यात ते तरबेज होई आणि प्रत्येक पात्राचे आयुष्य कोणत्या ना कोणत्या देवतेच्या उपासनेशी व समाजातल्या स्थानाशी जोडलेले असे. १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये स्टॅफर्ड आणखी पुढे गेले. राजा आर्थरच्या सरदारांचा हा खेळ पात्राच्या स्वभावाचीच मोजणी करतो: औदार्य आणि स्वार्थ, दया आणि क्रौर्य अशा जोड्या आकड्यांत मांडलेल्या असतात आणि मोक्याच्या क्षणी खेळाडूच्या मनात काहीही असले तरी पात्राचा स्वभाव फाशांतून उसळी मारून वर येतो. खेळात वर्षे उलटतात, सरदार म्हातारा होतो, मरतो, आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेऊन त्याच घराण्याची कथा पुढे चालवतो. पिढ्यांची गोष्ट इतक्या साध्या नियमांत बसवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. स्टॅफर्ड ऑक्टोबर २०१८ मध्ये निवर्तले.

त्याच केऑसियममधून सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ १९८१ मध्ये आला. त्यात पात्रे बलवान होत जात नाहीत. जितके सत्य कळेल तितका त्यांचा मानसिक तोल ढळत जातो. जपानमध्ये हा भयखेळ अतिशय लोकप्रिय आहे. स्वीडनमध्ये १९८२ साली आलेला ‘ड्राकार ओक डेमोनर’ हा खेळ केऑसियमच्याच नियमांवर उभा होता, त्यामुळे त्या देशातली कित्येक मुले गायगॅक्स यांच्या आधी स्टॅफर्ड आणि पेरिन यांची पद्धत शिकली.

मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळखेळात पात्र तयार करतानाच त्याची आधीची नोकरी फाशांवर ठरते आणि त्या नोकरीत पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरूही शकते. जेनेल जॅक्वेझ यांचे काम मात्र वेगळ्या जातीचे. ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ या १९७९ च्या त्यांच्या साहसपुस्तिकेतली भुयारे एकरेषीय नाहीत. वर-खाली जाणारे अनेक जिने, गुप्त वाटा आणि फिरून मूळ जागी आणणारे मार्ग यांमुळे कोणत्या वाटेने जायचे याचा निर्णय खरोखरच खेळाडूंकडे येतो. पुढे त्यांनी व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातही जागांची रचना केली. जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या. नकाशा हीसुद्धा लेखनकृती असू शकते, हे त्यांच्या कामाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणाच्या कामातून दिसत नाही.

अलीकडच्या काळातले मेगी व व्हिन्सेंट बेकर हे दांपत्यही याच परंपरेतले आहे. त्यांच्या २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’चा सांगाडा वापरून इतरांनी खेळ रचावेत याला त्यांनी मोकळीक दिली आणि त्यातून खेळांचे एक मोठे घराणेच निर्माण झाले.

या खेळांमुळे मुले बिघडतात असा आरोप झाला होता, त्याचे काय झाले?

अमेरिकेत १९७९ मध्ये एक विद्यार्थी बेपत्ता झाल्याचे खापर या खेळावर फोडले गेले आणि ऐंशीच्या दशकात तो सैतानपूजेकडे नेतो असा प्रचार संघटितपणे चालला. त्या विद्यार्थ्याच्या बेपत्ता होण्यामागे खेळ नव्हता हे पुढे स्पष्ट झाले, आणि खेळाने आत्महत्या किंवा गुन्हे घडतात हा दावाही कधी सिद्ध झाला नाही. आज काही मानसोपचारतज्ज्ञ हेच खेळ संवादकौशल्य वाढवण्यासाठी वापरतात.

निर्मात्याचे विचार आक्षेपार्ह असतील, तर त्याच्या निर्मितीकडे कसे पाहावे?

हा प्रश्न या क्षेत्रात अजिबात काल्पनिक नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये गायगॅक्स यांनी स्त्री-पात्रांच्या शारीरिक बळाला पुरुष-पात्रांपेक्षा कमी कमाल मर्यादा घातली होती. नंतरच्या आवृत्तीने ती काढून टाकली आणि कोणाचे काही अडले नाही.

एम. ए. आर. बार्कर यांचे प्रकरण याहून कितीतरी गंभीर आहे आणि भारतीय वाचकाला ते विशेष चटका लावणारे आहे. बार्कर १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर भारतात आले, इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला, आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक झाले. त्यांनी तयार केलेला उर्दूचा अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरला. ‘टेकुमेल’ हे त्यांचे जग टीएसआरने १९७५ मध्ये खेळाच्या रूपात प्रसिद्ध केले. युरोपीय सरदार आणि किल्ले यांऐवजी त्यात मेसोअमेरिकन व दक्षिण आशियाई संस्कृतींच्या छटा होत्या आणि त्याला स्वतःचे व्याकरण असलेल्या भाषा होत्या. त्या काळात याच्या तोडीचे काल्पनिक जग खेळांत नव्हते. बार्कर २०१२ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केले की १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली नव-नाझी विचारांची एक कादंबरी त्यांनीच लिहिली होती आणि ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही ते होते.

काही खेळाडूंनी त्यानंतर टेकुमेल कायमचे बंद केले, तर काहींना आपल्या आयुष्याचा मोठा भाग ज्या जगात गेला ते सोडवत नाही. माझे मत असे की टेकुमेलचा उल्लेख इतिहासातून गाळू नये, पण त्या कौतुकाच्या परिच्छेदातच ही दुसरी हकीकतही लिहिली गेली पाहिजे, तळटीपेत नव्हे.

या खेळांत भारतीय पुराणांचा वापर कसा झाला?

उत्साहाने, पण वरवर. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या शत्रुप्राण्यांच्या पुस्तकात राक्षस आहे. तो वाघाच्या तोंडाचा आहे, अंगात उंची झगा आणि हातात धूम्रपानाची नळी घेतलेला आहे, आणि मंत्रून पवित्र केलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो मरतो. रामायणातल्या राक्षसांशी याचा संबंध नावापुरताच आहे. बाणाचा तपशील एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या भागातून आला आहे. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात तर इंद्र, अग्नी, विष्णू, यम यांना ‘हिट पॉइंट’ आणि चिलखताचे आकडे देऊन मारता येण्याजोग्या शत्रूंप्रमाणे मांडले आहे. यामागे द्वेष नव्हता, कारण ग्रीक व नॉर्स देवांनाही तीच वागणूक मिळाली. पण हाती येईल ती ग्रंथसामग्री घाईने वापरण्याची ती सवय हाही या निर्मात्यांचा वारसा आहे. तो दुरुस्त करायचा तर या परंपरा ज्यांच्या घरच्या आहेत त्यांनीच खेळ लिहायला हवेत.

खेळाच्या नियमांवर मालकी कोणाची असते?

अमेरिकन कायद्यानुसार खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही. तो मिळतो ती पद्धत ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली आहे त्यांवर. मात्र सीमारेषा पुसट असल्याने छोटे प्रकाशक दाव्यांच्या धास्तीत असत. विझार्ड्सने २००० मध्ये ‘ओपन गेम लायसन्स’ हा खुला परवाना काढला आणि नियमांचा गाभा कोणालाही वापरता येईल असे जाहीर केले. त्याच आधारावर पायझो कंपनीचा ‘पाथफाइंडर’ २००९ मध्ये उभा राहिला आणि सत्तरच्या दशकातले जुने नियम नव्याने लिहून काढणारी एक चळवळही सुरू झाली.

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वर्षाला ७,५०,००० डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागण्याची आणि जुना परवाना मागे घेण्याची त्यात तरतूद होती. खेळाडूंचा संताप इतका तीव्र होता की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा चारशेहून अधिक पानांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय देऊन कोणालाही वापर करू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. तो परवाना मागे घेता येत नाही. १९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेत जे मोकळेपणाने सुचवले होते, ते पहिल्यांदाच कायद्याच्या भाषेत पक्के झाले, आणि तेही खेळाडूंच्या दबावामुळे.

या नियमांवर आधारित खेळ मराठीत लिहून प्रसिद्ध करता येईल का?

होय. क्रिएटिव्ह कॉमन्सखालील त्या संदर्भग्रंथाचे भाषांतर करण्यास, त्यात बदल करण्यास आणि तो विकण्यासही पूर्ण मुभा आहे. कोणाची वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे व्यापारचिन्ह, कंपनीची चित्रे आणि संदर्भग्रंथात नसलेली पात्रे व जागा मात्र वापरता येत नाहीत.

मुख्य अट अशी: संदर्भग्रंथात दिलेली श्रेयओळ आपल्या पुस्तकात छापायची. ही ओळ वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या परवान्याखाली विझार्ड्सचे नियम वापरून निघालेल्या पुस्तिकांत, मूळ सामग्री गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांची असल्याची नोंद पुन्हा छापणे बंधनकारक होते. त्यामुळे अगदी लहानशा प्रकाशकाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरही ती दोन नावे असत. नव्या श्रेयओळीत फक्त कंपनीचे नाव आहे. मराठीत कोणी हे काम हाती घेतले, तर कंपनीची ओळ जशीच्या तशी ठेवून, ऋणनिर्देशात गायगॅक्स, आर्नेसन आणि वेस्ली यांची नावे स्वतंत्रपणे छापावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.